धंदेवाईक खेळाडू आणि राष्ट्राची वर्गणी



आजचा विषय पत्रकात वाचून काहींना नवल वाटले असेल. ज्या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर, राज्यघटनेवर, केळीच्या पिकावर बोलणे होते, तेथे पूल खेळणाऱ्यांच्या पोटापाण्याची चर्चा कशाला? आणि पूल म्हणजे तरी काय? भुसावळला जाताना आपण तापीवरून ज्याने पलीकडे जातो तो पूल नव्हे. हिरव्या बनातीचे मेज, त्याला सहा खिसे, लाकडी काठी आणि रंगीत चेंडू असा हा खेळ. बिलियर्ड आणि स्नूकर ही त्याची थोरली भावंडे. त्यांचे मेज बारा फूट लांब, पुलाचे नऊ फूट किंवा त्याहून लहान. बनातीखाली पाटीच्या दगडाच्या जाड फरशा असतात. त्या केसभर कलल्या तरी चेंडू वाट सोडतो. सांगायचे एवढेच, की हे मेज सुताराकडून करून घेण्यासारखे नाही. ते महाग असते आणि पुढचे सगळे दुखणे तेथूनच सुरू होते.

या खेळाचे नाव मोठे बोलके आहे. 'पूल' या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ, खेळणाऱ्यांनी मिळून मध्ये ठेवलेली रक्कम. आपल्या भाषेत वर्गणी म्हणा, पैजेचा गल्ला म्हणा. अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याच्या जागांना गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात 'पूलरूम' म्हणत. दोन शर्यतींच्या मधला वेळ जावा म्हणून तेथे मेजे मांडली गेली आणि जागेचे नाव खेळाला चिकटले, असे सांगतात. म्हणजे हा खेळ जन्मापासूनच वर्गणीचा. त्यामुळे त्याच्या खेळाडूला पैसा कोणी द्यावा, हा प्रश्न वाटतो तितका परका नाही. आपल्याकडे जत्रेत कुस्त्यांची दंगल भरते तेव्हा पंच घरोघर फिरून वर्गणी गोळा करतात आणि त्या पैशांतून जोडीजोडीला इनाम लागते. पहिलवान ते इनाम घेतो. त्याला आपण धंदेवाईक म्हणून नाक मुरडत नाही.

हा 'धंदेवाईक' शब्द आपण फार तुच्छतेने वापरतो. कीर्तनकाराला बिदागी चालते, वैद्याला दक्षिणा चालते, खेळाडूने मात्र हवेवर जगावे. ही समजूत साहेबाकडून आली. जिमखान्याच्या सभासदाला पैशांची ददात नव्हती, म्हणून पैसे न घेता खेळणे हे त्याला कुलीनपणाचे लक्षण वाटले. ज्याच्या घरी चूल पेटायची आहे त्याने तसले कुलीनपण कोठून आणावे?

आता आपल्याच मुलखातले उदाहरण घेऊ. विल्सन जोन्स हे 1922 साली पुण्यात जन्मले. 1958 साली कलकत्त्याच्या ग्रेट ईस्टर्न हॉटेलात भरलेली बिलियर्डची जागतिक हौशी स्पर्धा त्यांनी जिंकली. वैयक्तिक खेळात जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. 1964 साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा मिळवले. 1950 ते 1966 या काळात बिलियर्डचे राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनी बारा वेळा घेतले. सरकारने त्यांना 1963 मध्ये अर्जुन पुरस्कार, 1965 मध्ये पद्मश्री आणि 1996 मध्ये, वयाची सत्तरी उलटल्यावर, द्रोणाचार्य पुरस्कार दिला. हे सन्मान योग्यच होते. पण त्यांच्या तारखा नीट पाहा. पहिला सन्मान आला तो जगज्जेतेपदानंतर पाच वर्षांनी. ज्या वर्षांत हात तयार होत होता, त्या वर्षांचा मोबदला या यादीत कोठे आहे?

मुंबईचे मायकेल फरेरा यांनी जागतिक हौशी बिलियर्डचे विजेतेपद 1977, 1981 आणि 1983 असे तीन वेळा मिळवले. 1981 साली सरकारने त्यांना पद्मश्री देऊ केली. त्यांनी ती नाकारली. क्रिकेटपटू सुनील गावसकरांना पद्मभूषण मिळते, तर जगज्जेत्याला एक पायरी खाली का, हा त्यांचा सवाल होता. 1983 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. तेव्हा पुष्कळांनी हा मानापमानाचा खेळ मानला. मला तो हिशेबाचा प्रश्न वाटतो. राष्ट्र एका खेळाला किती मोजते आणि दुसऱ्याला किती, हे त्या गृहस्थाने चारचौघांत विचारून दाखवले.

सन्मान झाला; आता खर्चाकडे वळू. कबड्डी शिकणाऱ्या पोराला अंगण लागते. पूल शिकणाऱ्याला मेज लागते आणि मेज तासाच्या भाड्याने मिळते. तासाला समजा शंभर रुपये धरले आणि पोराने रोज सहा तास, वर्षातून तीनशे दिवस सराव केला, तर वर्षाचे 1,80,000 रुपये झाले. प्रवास, काठी, शिक्षक हे सगळे वेगळे. आणि एवढा सराव केल्याशिवाय राष्ट्रीय स्पर्धेत कोणी विचारीत नाही. जिमखान्याचे सभासदत्व असलेल्या घरातल्या मुलाचा हा खर्च बराच वाचतो. म्हणून या खेळातली आपली मोठी नावे मुंबई, पुणे, बंगळूर, अहमदाबाद अशा शहरांतून आली. खानदेशच्या पोराच्या हातात कसब नाही असे नव्हे. त्याच्या हाताखाली मेज नाही.

मग आजपर्यंत हे खेळाडू जगले कशावर? उत्तर आपल्याला ओळखीचे आहे: नोकरीवर. रेल्वेने, सरकारी तेलकंपन्यांनी खेळाडूंना पदरी ठेवले. अशोक शांडिल्य रेल्वेत होते. पुण्यात जन्मलेले आणि बंगळुरात वाढलेले पंकज अडवाणी, ज्यांच्या नावावर पंचविसाहून अधिक जागतिक विजेतेपदे आहेत, ते ओएनजीसी या तेलकंपनीचे. पूर्वी संस्थानिक पहिलवानाला खुराक देत, तसा हा सरकारी कंपन्यांचा खुराक. मी त्याला नावे ठेवीत नाही. महिन्याच्या महिन्याला पगार येतो, म्हातारपणाची सोय होते, यासारखे सुख खेळाडूला दुसरे नाही. पण नोकरी मिळते ती नाव झाल्यावर. विहिरीला पाणी लागल्यावर मोट देण्यासारखे ते आहे. खणण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा.

आता राष्ट्राचा खजिना. आपल्या सरकारचे धोरण साधारणतः असे, की ऑलिंपिक, आशियाई आणि राष्ट्रकुल सामन्यांत जे खेळ आहेत त्यांना अग्रक्रम. 2014 साली केंद्राने ऑलिंपिक पदकाच्या आशेतल्या खेळाडूंसाठी एक योजना सुरू केली. तीत निवड झालेल्यांचा प्रशिक्षणाचा खर्च होतो आणि वर दरमहा 50,000 रुपये हातखर्च मिळतो. चांगली योजना. पण पूल, स्नूकर, बिलियर्ड ऑलिंपिकमध्ये कधीच नव्हते. आशियाई सामन्यांत ते 1998 साली बँकॉकला आले. तेथे शांडिल्यांनी सुवर्णपदक मिळवले आणि गीत सेठींबरोबर दुहेरीतही मिळवले. 2006 ला दोह्याला आणि 2010 ला ग्वांगझोला बिलियर्डमध्ये अडवाणींनी सोने आणले. 2014 साली इंचॉनच्या सामन्यांतून हे खेळच वगळले गेले. खेळाडूंच्या हातून काही चुकले म्हणून नव्हे. परदेशात एका समितीने यादी बदलली आणि इकडे आपल्या पोरांच्या आधाराला कात्री लागली. आपल्या खजिन्याची किल्ली दुसऱ्याच्या यादीला बांधून ठेवल्यावर आणखी काय होणार?

यातली एक गंमत सांगतो, जरी ती कडवट असली तरी. अहमदाबादचे गीत सेठी बिलियर्डचे धंदेवाईक जगज्जेते झाले, एकदा नव्हे, अनेकदा. 2001 साली त्यांनी आणि बॅडमिंटनपटू प्रकाश पदुकोण यांनी मिळून 'ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट' ही संस्था काढली. धनिकांकडून, कंपन्यांकडून पैसे जमवायचे आणि होतकरू खेळाडूंच्या मागे उभे करायचे. नेमबाज, कुस्तीगीर, मुष्टियोद्धे अशा कित्येकांना तिचा आधार झाला. पण संस्था ऑलिंपिकच्या खेळांसाठी आहे. म्हणजे बिलियर्डच्या खेळाडूने उभी केलेली वर्गणी बिलियर्डच्या पोराला मिळायची नाही. सेठींना मी दोष देत नाही. उलट त्यांच्या मनाचा मोठेपणा त्यात दिसतो. पण लोकांचा पैसा कोठे वाहतो हे त्यांनी बरोबर ओळखले होते, एवढे त्यावरून कळते.

कोणी म्हणेल, सरकार कशाला हवे? प्रेक्षक आणि धनिक यांच्यावर खेळ चालू द्या. तेही जगात करून पाहिलेले आहे. फिलिपाइन्स देशात एफ्रेन रेयेस नावाचा पूलचा जादूगार झाला. लहानपणी तो मनिल्यात चुलत्याच्या खेळघरात राबे आणि रात्री मेजावरच झोपे. पैजा लावून तो मोठा झाला. 1985 साली अमेरिकेत जाऊन दुसऱ्याच नावाने स्पर्धा जिंकून आला, कारण खरे नाव सांगितले तर पैज लावायला कोणी उभे राहिले नसते! 1999 साली तो जगज्जेता झाला. पुढे 2006 साली अमेरिकेतील एका धनिकाने पूलसाठी मोठी फेरी काढली आणि रेनो येथील स्पर्धेला पहिले बक्षीस 5,00,000 डॉलर लावले. रेयेसने ती जिंकली. परंतु बक्षिसे देण्याची वेळ आली तेव्हा तिजोरीत पैसा नव्हता. खेळाडूंना थोडे थोडे हप्त्याने देऊ असे सांगण्यात आले आणि ती फेरी लवकरच बंद पडली. एका माणसाच्या खिशावर उभा केलेला मांडव पहिल्याच वावटळीत बसला.

दुसरीकडे चीनचा डिंग जुनहुई. पोराला स्नूकर शिकता यावे म्हणून बापाने राहते घर विकले. पंधराव्या वर्षी, 2002 साली, त्याने आशियाई सामन्यांत सुवर्णपदक मिळवले आणि 2005 साली चायना ओपन जिंकली. आज चिनी खेळाडू स्नूकरमध्ये इंग्रजांच्या बरोबरीने बसतात. पण आरंभी एका बापाचे घर गेलेच. आपल्याकडेही असे झाले आहे. 1952 साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायचे होते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. अर्जुन पुरस्कार मात्र त्यांना मरणोत्तर मिळाला, 2000 सालचा.

आता आपण मनात म्हणत असाल ते मीच बोलतो. शाळेला मैदान नाही, पोरींच्या कबड्डीला चटई नाही, आणि करदात्याचा पैसा पूलवाल्याला? हा आक्षेप खोटा नाही. धंदेवाईक खेळाडूच्या ऐषआरामाला सरकारने एक पैसा देऊ नये, असेच माझे मत आहे. जो प्रेक्षक खेचतो त्याला प्रेक्षकाने पोसावे. पण देशाचे नाव छातीवर लावून जो परदेशी जातो, त्याच्या तिकिटाचा आणि मुक्कामाचा खर्च देशाने करावा. मग खेळ कोणाच्या यादीत असो वा नसो. मुंबईच्या आदित्य मेहतांनी 2013 साली कोलंबियातील काली येथे जागतिक खेळांत स्नूकरचे सुवर्णपदक मिळवले. त्याच वर्षी दिल्लीच्या इंडियन ओपनमध्ये ते अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि या डिंगकडूनच हरले. धंदेवाईक फेरीत टिकायचे तर वर्षातले बरेच महिने इंग्लंडात घर करून राहावे लागते. अडवाणीसुद्धा दोन वर्षे तो प्रयत्न करून परत आले. असा माणूस सुट्टीला गेलेला नसतो, हे खर्च मंजूर करणाऱ्या कारकुनाला कळले पाहिजे.

दुसरे, मेज सार्वजनिक हवे. जिल्ह्याच्या क्रीडासंकुलात पोहण्याचा तलाव असतो, तशी दोन मेजे असायला काय हरकत आहे? आपण म्हणाल, तेथे जुगार माजेल. मुंबईच्या 1887 च्या जुगारबंदी कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला जुगार समजू नये असे इंग्रजानेच लिहून ठेवले आहे. आणि जुगार अंधाऱ्या खोलीत वाढतो. जेथे शाळेचे मास्तर, पोरांचे आईबाप येऊन बसतात तेथे तो पाय ठेवीत नाही.

तिसरे आपल्या हातातले. राष्ट्रीय आणि राज्य स्पर्धा नेहमी मोठ्या शहरांतल्या जिमखान्यांत का भराव्यात? 1936 साली आपल्या तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले आणि सारा देश तेथे आला. त्यापुढे एक राज्य अजिंक्यपद स्पर्धा म्हणजे किती मोठे काम? चार मेजे, आठ दिवसांचा मांडव, आणि वीज जाणार नाही याची हमी. ही शेवटची अट सर्वांत अवघड, हे मला ठाऊक आहे! दंगलीला जी वर्गणी आपण देतो तिच्या निम्म्यात बक्षिसांचा खर्च निघेल, असा माझा अंदाज आहे.

चिटणिसांनी घड्याळ दाखवले. खर्चाचे कोष्टक मी कागदावर करून आणले आहे, ते मंडळाकडे ठेवतो. मेजांच्या किमतींबद्दल कोणाला विचारायचे असल्यास आता विचारावे.