आधी जेवण, मग वेळापत्रक

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात एका पालक दांपत्याने केलेले भाषण)



आम्ही दोघे काही वक्ते नाही. एका मुलीचे आई-वडील म्हणून आपल्यासमोर उभे आहोत. संस्थेने चार शब्द बोलण्याची संधी दिली याबद्दल आम्ही ऋणी आहोत. जे सांगणार आहोत ते मुलीला विचारूनच सांगत आहोत.

आमची मुलगी बारावीच्या वर्षी जेवण कमी करू लागली. प्रथम भात सुटला, मग तूप, मग रात्रीचे जेवण. आम्हाला वाटले, अभ्यासाचा ताण असेल. तिच्या आजीने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून, सुकडी खाऊन दिवस काढलेले. भरले ताट कोणी आपण होऊन दूर सारते, हे तिला समजेना. तिला तो माज वाटला आणि घरात बोलाचाली होऊ लागली. पुढे मुलीची पाळी बंद झाली, भर उन्हाळ्यात थंडी वाजू लागली, जिना चढताना चक्कर येऊ लागली. तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की हा आजार आहे. याला ॲनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात. हा माज नव्हे, हट्टही नव्हे. तो मुलांनाही होतो. आणि खाण्याचे आजार असलेला माणूस नेहमी हाडकुळाच दिसतो असेही नाही.

फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिले तर रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडून हृदयाला धोका होऊ शकतो. म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच झाली. पण आम्हाला बोलायचे आहे ते त्यापुढच्या काळाविषयी. मुलगी सावरली, कॉलेजात जाऊ लागली, दुपारनंतर एका दुकानात हिशेबाचे काम करू लागली, आणि तेथेच खरी परीक्षा सुरू झाली.

सकाळी ६.४० ची लोकल, म्हणून नाश्ता राहायचा. कॉलेज सुटले की थेट काम, मध्ये चहा-बिस्कीट. रात्री साडेनऊला घरी येऊन ‘आता भूक मेली’ म्हणत दोन घास. ती खोटे बोलत नव्हती. तिला खरोखरच वेळ नव्हता आणि खरोखरच भूक लागत नव्हती. पण काही आठवड्यांत पुन्हा चिडचिड, पुन्हा चक्कर. तेव्हा आमच्या ध्यानात आले की कामाची घाई ही ह्या आजाराला मिळालेली सर्वांत सभ्य सबब आहे. कामसू मुलीला कोण रागावणार?

डॉक्टरांनी आम्हाला एका जुन्या प्रयोगाविषयी सांगितले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. हळूहळू त्यांना अन्नाखेरीज दुसरे काही सुचेना. ते पाककृतींची पुस्तके वाचत बसत. माणसे टाळू लागले, चिडखोर आणि उदास झाले. पुन्हा अन्न मिळू लागल्यावरही सारे लगेच सुरळीत झाले नाही. नेहमीच्या मापाचे जेवण त्यांना पुरेना. झीज भरून यायला त्याहून पुष्कळ जास्त अन्न आणि अनेक महिने लागले.

यातून आम्ही दोन गोष्टी शिकलो. पहिली, उपाशी डोक्याला नुसते समजावून भागत नाही; समजुतीच्या जोडीला पोटात अन्न जावे लागते. दुसरी, आजारातून उठणाऱ्या माणसाचे ‘पुरेसे’ हे शेजारच्या ताटावरून ठरत नाही.

आहारतज्ज्ञांनी तीन जेवणे आणि तीन मधली खाणी ठरवून दिली. दोन खाण्यांत तीन-चार तासांहून जास्त अंतर नको. भुकेची वाट पाहायची नाही, कारण या आजारात भुकेची सूचनाच बिघडलेली असते. औषध घेतो तसे घड्याळ बघून खायचे.

एका रविवारी आम्ही वही घेऊन बसलो. आधी सहा खाणी लिहिली. मग लोकल, तासिका आणि काम. मुलीने त्यानंतरची लोकल धरली. गर्दी जास्त असते, पण पोहे आणि दूध घेऊनच ती घराबाहेर पडते. डबे दोन झाले. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू, खजूर, केळे असतेच. थोडे खाल्ले तरी पोट फुगल्यासारखे वाटे, म्हणून वरणावर तूप, उसळीत दाण्याचे कूट. चहा हे खाणे धरायचे नाही. एखादे खाणे चुकलेच तर आठवताक्षणी खायचे. पुढचे कमी करायचे नाही. दुकानमालकांना तिने स्वतःच सांगितले, ‘चार वाजता मला दहा मिनिटे लागतील.’ त्यांनी दिली.

डबा आता आजी भरते. ती एकदा म्हणाली, “आम्हाला मिळत नव्हतं, हिला गिळवत नव्हतं. उपास दोघींचा एकच.”

काही उपासक-उपासिका पौर्णिमेला अष्टशील पाळून दुपारनंतर भोजन करीत नाहीत. या आजारातून उठणाऱ्याने ते करू नये. देह झिजवून मार्ग सापडत नाही हे ओळखून सिद्धार्थ गौतमांनी सुजाताची खीर स्वीकारली, हे आपण मुलांना शिकवतोच.

सभासदांना आमची नम्र विनंती आहे. वसतिगृहात काम करून उशिरा येणाऱ्या मुलामुलींचे ताट झाकून ठेवावे. अभ्यासिकेत खाण्यासाठी एक कोपरा असावा. आणि कोणालाही ‘बारीक झालीस’ किंवा ‘आता तब्येत भरली’ असे म्हणू नये. दोन्ही वाक्ये सारखीच लागतात. विद्यार्थी मित्रांनो, स्वतःत अशी लक्षणे दिसली तर घरी सांगा, डॉक्टरांकडे जा. मन मोकळे करायला २०२२ साली सुरू झालेली शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

आमची मुलगी पूर्ण बरी झाली, असे आम्ही म्हणत नाही. परीक्षेच्या दिवसांत अजूनही एखादा डबा अर्धा परत येतो. पण आता ती तो लपवीत नाही. ती ह्याच सभागृहात मागे बसली आहे. चार वाजत आले, तिच्या खाण्याची वेळ झाली. तेव्हा आम्हीही येथेच थांबतो.