पांढरीचे देव आणि पाटणचा माणूस

(पाटण येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हिंदू दैवतांचा विषय निघाला की सुशिक्षितांची दृष्टी प्रथम पुराणांकडे वळते. शिव, विष्णू, देवी, त्यांचे अवतार, त्यांची स्तोत्रे हाच धर्माचा मुख्य प्रवाह आणि खेड्यातला म्हसोबा किंवा मरीआई म्हणजे त्या प्रवाहाच्या काठावर साचलेले डबके, अशी एक समजूत रूढ आहे. कोयना आणि केरा यांच्या संगमावर वसलेल्या या पाटण परिसरात ती समजूत उलटी करून पाहावी लागते. येथल्या कुणब्याचा देव पुराणातून उतरलेला नाही. तो शेताच्या बांधावर, गावाच्या वेशीवर, शेंदूर फासलेल्या तांदळ्याच्या रूपात आधी होता. पुराण त्याच्याकडे नंतर आले.

या खोऱ्यातील दैवतांचे थर स्पष्ट दिसतात. तळाशी आहेत ती गावाची राखण करणारी दैवते. बनपुरीचा नाईकबा, येराडचा येडोबा यांच्या चैत्रातील यात्रा म्हणजे सुगी आटोपलेल्या शेतकऱ्याचा उत्सव. त्यावरचा थर खंडोबाचा. शेजारच्या कऱ्हाड तालुक्यात तारळी नदीच्या काठी पालीला पौष महिन्यात खंडोबा आणि म्हाळसा यांचा विवाह लागतो आणि भंडाऱ्याने सारा आसमंत पिवळा होतो. आणखी वर आहे चाफळचे राममंदिर. समर्थ रामदासांनी ते शके 1570 मध्ये, म्हणजे 1648 साली उभारले. चाफळ, माजगाव, शिंगणवाडी येथील मारुती त्याच काळातले. हे थर एकमेकांना पुसून टाकत नाहीत. चाफळला रामनवमी करणारा शेतकरी पालीची वारी चुकवीत नाही आणि बांधावरच्या म्हसोबाला नारळ दिल्याशिवाय कुरीही धरीत नाही.

या मिश्रणाचे रहस्य उलगडण्याचे श्रेय काही थोर अभ्यासकांकडे जाते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पश्चिम महाराष्ट्रातील देवींची ठाणी पायी हिंडून पाहिली आणि ती जुन्या पशुपालकांच्या वाटांशी, त्या वाटा जेथे मिळतात त्या जागांशी जोडून दाखविली. गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडिताने धनगरांच्या वाड्यांवर राहून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्या ओव्या ऐकल्या. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 1984 साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात पंढरीच्या विठोबाच्या मुळाशी गवळी-धनगरांचे दैवत शोधले. तिघांच्या पद्धती भिन्न. पण देव हा समाजाच्या श्रमाचा आणि स्थलांतराचा साक्षीदार असतो, हे तिघांच्याही लेखनातून सिद्ध होते.

खंडोबाच्या संसाराकडेच पाहा. लोकपरंपरेनुसार त्याची म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. शिवाय शिंपीण, माळीण आणि मुसलमान बागवानीण अशा स्त्रियाही त्याच्या घरात नांदतात. विवाहाच्या या कथांनी निरनिराळ्या जाती एका देवाच्या सोयऱ्या झाल्या. रोटीबेटीचा व्यवहार जेथे निषिद्ध होता, तेथे समाजाने तो देवाच्या घरात घडवून आणला. माणसांना जे धाडस झाले नाही ते त्यांनी देवाकडून करवून घेतले!

परंतु येथेच थांबणे ही आत्मवंचना ठरेल. ज्या यात्रेने जातींना एकत्र आणले, त्याच यात्रेने त्यांची पायरीही ठरवून दिली. पालखीला पहिला खांदा कोणाचा, सासनकाठीचा मान कोणाचा, वाजंत्री कोणी वाजवायची आणि दर्शन कोणी पायरीखालून घ्यायचे, हे सारे देवाच्या नावाने पक्के झाले. नवसाची मुलगी मुरळी म्हणून खंडोबाला सोडली गेली, मुलगा पोतराज म्हणून मरीआईला. ही मुले कोणाच्या घरची होती? वतनदाराच्या वाड्यातली खासच नव्हेत. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध चळवळ केली, डॉ. आंबेडकरांनी 1936 साली मुंबईत देवदासी, पोतराज आणि जोगतिणींच्या सभेत हे जिणे टाकून देण्याचे आवाहन केले. देवाला वाहिलेला माणूस प्रत्यक्षात कोणाच्या उपयोगी पडतो, हाच या दोघांचाही रोकडा प्रश्न होता.

या प्रश्नाला सर्वांत मूलगामी रूप दिले ते याच जिल्ह्यातील कटगुण हे ज्यांचे मूळ गाव, त्या जोतीराव फुले यांनी. ‘गुलामगिरी’ या 1873 च्या ग्रंथात त्यांनी खंडोबा आणि म्हसोबा यांना बळीराजाचे अधिकारी ठरविले. महासुभा या शब्दाचा म्हसोबा झाला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. भाषाशास्त्राच्या कसोटीला ही व्युत्पत्ती उतरणे कठीण. पण जोतीरावांचा हेतू व्युत्पत्तीपुरता नव्हता. देव शेतकऱ्याचे असतील तर त्यांच्या कथा सांगण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती का, हा त्यांचा सवाल होता आणि तो अजून शिळा झालेला नाही. दैवतांच्या असंख्य रूपांना एकाच मुशीत ओतून, एकच घोषणा आणि एकच शत्रू देऊ पाहणाऱ्या राजकारणापुढे आज पालीची बाणाई आणि बागवानीण उभी करावी लागते.

पाटणच्या माणसाला मात्र आणखी एका अनुभवातून जावे लागले. खेड्याची जमीन काळी आणि पांढरी अशी दुहेरी असते. काळी पिकविण्याची, पांढरी वसण्याची. कोयनेचे धरण झाले, शिवसागराचे पाणी चढले आणि कित्येक गावांच्या काळ्या-पांढऱ्या दोन्ही त्याखाली गेल्या. देव्हाऱ्यातले टाक उचलून नेता येतात. पांढरीचा देव उचलता येत नाही, कारण तो शिवेशी, झऱ्याशी, पूर्वजांच्या मातीशी बांधलेला असतो. महाराष्ट्राला वीज मिळाली. ज्यांचा गाव गेला त्यांना पुरती जमीनही मिळाली नाही. पाच दशके उलटल्यावर, 2018 मध्येही, धरणग्रस्तांना त्यासाठी कोयनानगरला ठिय्या द्यावा लागला. देवळे बांधून देणे सत्तेला नेहमीच सोपे असते. जमीन देणे अवघड.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे याच भूमीला भूकंपाने हादरविले. सुमारे पावणेदोनशे माणसे दगावली. अशा वेळी देवीचा कोप झाला असे म्हणणे मनाला सोपे जाते. त्यात प्रश्न विचारण्याचे कष्ट नसतात. पण विज्ञानाने प्रश्न विचारला. जलाशयातील पाणी आणि भूकंप यांचा संबंध तपासण्यासाठी कोयना परिसर जगभरच्या शास्त्रज्ञांचा अभ्यासविषय झाला आणि गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विवर खोदले गेले. कोप म्हटले की माणूस नवस बोलतो. कारण कळले की तो मजबूत घर, योग्य भरपाई आणि जबाबदार प्रशासन मागतो.

भीतीची किंमत याच जिल्ह्याने मोजली आहे. 25 जानेवारी 2005 रोजी वाई तालुक्यातील मांढरदेवला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी आणि आग होऊन सुमारे तीनशे भाविक मेले. त्यांना देवीने मारले नाही. अरुंद वाट, निसरड्या पायऱ्या आणि गर्दीबाबतची बेफिकिरी यांनी मारले. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर हेच सांगत राहिले, की विरोध देवाला नसून देवाच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी त्यांचा खून झाला, तेव्हा जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात अडकून पडला होता. त्याच वर्षी तो झाला. समाज किती उशिरा शहाणा होतो, याचे हे वेदनादायक प्रमाण आहे.

मग परिवर्तनवाद्यांनी करायचे काय? देवळाकडे पाठ फिरवून चालणार नाही. पाठ फिरविली की तेथे दुसरे येऊन बसतात. पंढरपुरात बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने संपले, ते वर्षानुवर्षांच्या कायदेशीर आणि लोकांच्या लढ्यामुळे. पाटण खोऱ्यातही यात्रेचा जमाखर्च गावसभेपुढे वाचला जावा. मानपानातील जातीची पायरी मोडावी. गाभाऱ्यात पुरुषाला मुभा आहे तेथे स्त्रीलाही असावी. मुंबई उच्च न्यायालयाने 2016 साली तिचा हा हक्क स्पष्ट केलेलाच आहे. जात्यावरच्या आणि वाड्यावरच्या ओव्या, त्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्या आहेत तोवर, टिपून ठेवाव्यात.

पांढरीचा देव हा गावाच्या एकत्र राहण्याच्या इच्छेला माणसाने दिलेला आकार आहे. ती इच्छा समतेच्या पायावर उभी राहिली, तर म्हसोबाला शेंदूर लागो वा न लागो, गाव राखला जाईल.