लाज सोडा, कागद जपा

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त नांदेड येथे नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कुटुंबांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन.)



२४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून हा दिवस आपण ग्राहक दिन म्हणून पाळतो. त्याच्याही बारा वर्षे आधी, १९७४ साली, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीच्या कार्याला प्रारंभ केला होता. त्या काळी ग्राहकाचा झगडा प्रामुख्याने भेसळीशी, साठेबाजीशी आणि वजनमापातील लबाडीशी होता. आज मी आपल्यापुढे वजनाचाच विषय मांडणार आहे. मात्र हे वजन धान्याचे नसून माणसाचे आहे. अतिस्थूलतेवर शस्त्रक्रिया करून घेतलेल्या रुग्णाला विमा कंपनीने खर्च नाकारला, तर त्याने काय करावे, हा तो विषय होय.

विषयाचे नाव काढताच काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटले, हे मी पाहिले. त्या हसण्यापासूनच आरंभ करू या.

हसण्याचा विषय नव्हे

आपल्या घरांत लठ्ठ माणूस हा थट्टेचा हक्काचा धनी असतो. "वहिनी, भात जरा कमी घ्या," असे पंगतीत सर्वांदेखत सांगितले जाते. भाऊजींच्या घोरण्यावर विनोद होतात. खाणे आवरले की सारे ठीक होईल, अशी सर्वांची समजूत असते.

आपल्या पूर्वसूरींनी या प्रश्नाकडे अधिक गांभीर्याने पाहिले होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'अष्टौनिंदितीय' नावाचा एकविसावा अध्याय आहे. अतिस्थूल माणसाचे आयुष्य घटते, असे त्यात म्हटले आहे. कारणे सांगताना अतिभोजन, व्यायामाचा अभाव व दिवसाची झोप यांच्याबरोबर बीजस्वभावाचाही, म्हणजे आनुवंशिकतेचाही, उल्लेख आहे. कृश माणसापेक्षा स्थूल माणसावर उपचार करणे अधिक कठीण, हेही तेथे नोंदलेले आहे. आधुनिक वैद्यकशास्त्रही स्थूलतेची गणना रोगांतच करते.

या रोगावरील शस्त्रक्रिया हा पहिला उपाय नव्हे. आहार, व्यायाम व औषधे यांनी यश आले नाही, तरच तिचा विचार होतो. एका पद्धतीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. दुसरीत अन्नाचा मार्ग आतड्याच्या पुढील भागाकडे वळवतात. त्यानंतर आयुष्यभर पथ्य व जीवनसत्त्वे सांभाळावी लागतात. सुंदर दिसण्याच्या हौसेपायी कोणी इतके सोसत नाही. परंतु खर्च काही लाखांत जातो, आणि तेथून वादाला तोंड फुटते.

नियम काय सांगतो?

पूर्वी बहुतेक आरोग्यविमा पॉलिसींत स्थूलतेवरील उपचार सरसकट वगळलेले असत. सप्टेंबर २०१९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने वगळण्याच्या कलमांचा एकसारखा मसुदा ठरवून दिला. त्यातील स्थूलतेचे कलम आपल्या पॉलिसीत सहाव्या सांकेतिक क्रमांकाने छापलेले आढळेल. ते वरवर वाचणाऱ्याला 'लठ्ठपणा वगळला आहे' एवढेच दिसते. वस्तुतः पुढील अटी पूर्ण न करणारी शस्त्रक्रियाच त्याने वगळली आहे.

अटी अशा : शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने व वैद्यकीय संकेतांना धरून असावी. रुग्णाचे वय किमान १८ वर्षे असावे. शरीरभार निर्देशांक, म्हणजे बीएमआय, ४० किंवा अधिक असावा. तो ३५ किंवा अधिक असेल, तर सौम्य उपाय निष्फळ ठरलेले असावेत आणि चारपैकी एक गंभीर व्याधी सोबत असावी. त्या चार व्याधी अशा : स्थूलतेमुळे झालेला हृदयस्नायूचा विकार, हृदयधमन्यांचा रोग, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार आणि आटोक्यात न येणारा मधुमेह.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. लातूरच्या एका शिक्षिकेची उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ९६ किलो आहे. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की निर्देशांक येतो ३७.५. गुडघे दुखतात, रक्तदाब आहे. शल्यचिकित्सक म्हणतात, "बाई, तुम्ही शस्त्रक्रियेस पात्र आहात." ते चूक नाहीत. आशियाई शरीरयष्टीत कमी वजनालाही मधुमेह व हृदयविकार जडतात, म्हणून आपल्याकडील शल्यचिकित्सकांनी ३७.५ ची मर्यादा मानली. सोबत व्याधी असेल तर ३२.५ ची. परंतु विम्याचा आकडा ४० व ३५ असा आहे, आणि गुडघेदुखी व रक्तदाब त्या चार व्याधींत नाहीत. वैद्यकाच्या दृष्टीने पात्र असलेली ही भगिनी विम्याच्या दृष्टीने अपात्र ठरते. बहुतेक वाद या दोन आकड्यांच्या फटीतच जन्म घेतात.

मग तिची वाट बंदच झाली काय? नाही. तिच्या घोरण्यावर घरी सगळे हसले. रात्रीच्या झोपेची तपासणी मात्र कोणी करवली नाही. ती केली असती, तर कदाचित तीव्र श्वासविकाराचे निदान झाले असते आणि तिचा दावा अटीत बसला असता. आपल्या थट्टेची किंमत रुग्णाला अशी मोजावी लागते.

दावा कागदावर उभा राहतो

'सौम्य उपाय निष्फळ ठरले' हे विमा कंपनीला दाखवायचे कशाने? आहारतज्ज्ञांच्या तारखेसह चिठ्ठ्या, दर भेटीत नोंदलेले वजन, औषधांच्या पावत्या, साखरेचे अहवाल यांनी. आमच्या घरांत नेमके हेच नसते. लाजेपोटी वजनाची गोष्ट डॉक्टरांपाशीही काढलेली नसते. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, शस्त्रक्रिया ठरण्याच्या कितीतरी आधीपासून एक फाईल करा.

दुसरी विनंती अधिक कठोर आहे. विमा घेताना अर्जात वजन कमी लिहू नका, मधुमेह लपवू नका. "एवढे काय कोण पाहतो," असे सांगणारा मनुष्य दाव्याच्या दिवशी आपल्या शेजारी उभा राहत नाही. सतवंत कौर संधू यांच्या प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने, जुना आजार दडवल्यामुळे दावा नाकारणे योग्य ठरवले. उलट मनमोहन नंदा प्रकरणात २०२१ साली त्याच न्यायालयाने सांगितले की, प्रकृतीची माहिती घेऊन व तपासून पॉलिसी दिल्यावर कंपनीला तोच आजार पुढे करून दावा नाकारता येणार नाही. सत्य सांगणारा ग्राहक कायद्यातही बलवान असतो. विम्याचा निधी हा सर्वांच्या हप्त्यांतून जमलेला असतो. तेथे खोटे बोलणे म्हणजे शेजाऱ्याच्या ठेवीला हात लावणे होय.

नकार आला तर

शस्त्रक्रियेपूर्वी लेखी पूर्वमंजुरी मागा. कॅशलेस नाकारले म्हणजे दावा नाकारला, असे समजू नका. बिल भरून नंतर परताव्याचा दावा करता येतो. पुष्कळ कुटुंबे या पहिल्याच पायरीवरून परत फिरतात.

दावा नाकारला, तर कारण लेखी मागा. मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या दावा-परीक्षण समितीच्या मान्यतेवाचून दावा फेटाळता येत नाही, आणि पॉलिसीतील कोणत्या अटीवर तो फेटाळला हे कळवणे बंधनकारक आहे. 'सौंदर्योपचार' असा मोघम शेरा आला, तर सहावे कलम समोर ठेवून एकेका अटीचे उत्तर कागदानिशी द्या.

प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहा. महिनाभरात उत्तर आले नाही वा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. नांदेड व लातूर हे जिल्हे पुण्याच्या कार्यालयाच्या कक्षेत येतात. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही. नकारापासून वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. तेथे मुदत दोन वर्षांची. आपल्याकडचे अनेक रुग्ण हैदराबादला किंवा पुण्याला जातात आणि तक्रारही तेथेच करावी लागेल म्हणून गप्प बसतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हे भय दूर केले आहे. तक्रारदार जेथे राहतो, तेथील आयोगाकडे त्याला दाद मागता येते. उपचार हैदराबादला झाले असले, तरी न्याय नांदेडला मागता येईल. मात्र प्रकरण आयोगापुढे असताना लोकपाल ते घेत नाहीत, म्हणून क्रम विचारपूर्वक ठरवा.

प्रत्येक दावा मान्य होईल, असे आश्वासन मी देणार नाही. अटीत न बसणारा दावा फेटाळला जाईल, आणि तेव्हा ४० व ३५ हे आकडे आपल्या देशातील माणसाला योग्य आहेत काय, हा प्रश्न नियामकापुढे संघटितपणे मांडावा लागेल. ते काम एकट्या रुग्णाचे नाही; ते समाजाचे आहे.

आपल्या वस्तीत असे एखादे घर असेल, तर तेथे जा. उपदेश करू नका. रुग्णाच्या शेजारी बसून त्याची पॉलिसी वाचा, कागद तारीखवार लावून द्या, अर्ज लिहून द्या. थट्टेने तो एकटा पडला होता. आपल्या सोबतीने त्याला पुन्हा चारचौघांत मान वर करून बसता येईल.