सत्तर अक्षरांत दुधाचा हिशेब

आजचा एपिसोड छोटा आहे, आणि विषय त्याहून छोटा: एक एसएमएस.

आमच्या निमोण्यात एका दूध संकलन केंद्राला मी सॉफ्टवेअर करून दिलं. दूध घातलं की शेतकऱ्याला लगेच हिशेब कळला पाहिजे, एवढंच काम. मी काय केलं? पुण्यातल्या सवयीनं रिअ‍ॅक्टमध्ये मस्त वेबअ‍ॅप बांधलं. ग्राफ, डार्क मोड, सगळं. पंधरा दिवसांत जेमतेम चार-पाच जणांनी उघडलं असेल. कारण घरातला स्मार्टफोन पोराबरोबर सकाळीच रांजणगाव एमआयडीसीत जातो. गोठ्यात असते चुलती, आणि तिच्याकडे बटणांचा फोन.

मग एसएमएसवर आलो. ऑफिसमधला मित्र म्हणाला, ‘रोमन अक्षरांत मराठी लिही, 160 अक्षरं मिळतात, स्वस्तात काम.’ बरोबरच होतं. पण चुलतीला रोमन वाचता येत नाही. म्हणजे तिच्या दुधाच्या पगाराचा मेसेज ती शेजारच्या पोराकडून वाचून घेणार, आणि तिच्या खात्यावर किती जमले हे तिच्याआधी त्याला कळणार. हे मला पटेना.

आता देवनागरीचं गणित ऐका. एका एसएमएसमध्ये 140 बाइट मावतात. इंग्रजी अक्षर सात बिटांचं, म्हणून 160 बसतात. हा 160 चा आकडा 1985 मध्ये फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन इंजिनिअरनं टाइपरायटरवर वाक्यं टाइप करून, मोजून पक्का केला होता. मेसेजमध्ये देवनागरीचं एक अक्षर जरी आलं, तरी आख्खा मेसेज सोळा बिटांवर जातो आणि मर्यादा होते 70. देवनागरीसाठी वेगळा तक्ता वापरून दीडशेच्या आसपास अक्षरं बसवायची सोय मानकात आहे, पण मला मिळालेल्या गेटवेत नव्हती.

वर आपण अक्षर म्हणतो ते मशीन अक्षर मानत नाही. ‘निमोणे’ डोळ्याला तीन अक्षरं. जावास्क्रिप्टला लांबी विचारा, सांगेल 6. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळे वेगळे मोजले जातात. (आणि याचं खापर बाहेरच्यांवर फोडू नका हं. युनिकोडनं देवनागरीची ही मांडणी आपल्याच इस्की या भारतीय मानकावरून घेतली. कीबोर्ड आणि शोध यासाठी ती सोयीचीच आहे.)

पहिला मसुदा 87 निघाला. 70 च्या वर गेला की मेसेजचे दोन भाग होतात आणि पैसे डबल. दीडशे उत्पादक, दिवसातून दोन वेळा: महिन्याला 9,000 मेसेजच्या जागी 18,000 चं बिल. केंद्रचालक हात जोडून म्हणाले, ‘मग राहू दे इंग्रजीतच.’

कापत कापत इथवर आलो: ‘12/06 सकाळ दूध 8.4 लि. फॅट 3.8 एसएनएफ 8.5 दर 34 रक्कम 285.60’. बरोबर 60. पण एका फोनवर सासू आणि सून दोघींची खाती असतात, म्हणजे नाव हवंच. समजा, लक्ष्मीबाई. दिसायला चार अक्षरं, मोजायला दहा, वर एक स्पेस. झाले 71! एका अक्षरासाठी डबल पैसे. मी ‘लि.’चा टिंब उडवला. 70.

संध्याकाळी परत फसलो. ‘सकाळ’ चार, ‘संध्याकाळ’ नऊ. रात्री डोकं खाजवत बसलो होतो. चुलतीनं विचारलं काय झालं. सांगितल्यावर म्हणाली, ‘सांज लिही की.’ स, काना, अनुस्वार, ज. चार!

मग दरात पैसे आले, 34 चे 34.20 झाले. तीन वाढले. तारखेतला महिना काढला, तीन कमी. पगार दहा दिवसांनी होतो, महिना सगळ्यांना माहीत असतो. उशिरा आलेला मेसेज कधीचा हे कळावं म्हणून दिवस मात्र ठेवला. एसएनएफ काढायचंही डोक्यात आलं होतं. ते काढलं की अकरा अक्षरं वाचली असती. पण दर फॅट आणि एसएनएफवरच ठरतो. तेच लपवलं तर भांडायला शेतकऱ्याच्या हातात काय राहणार?

दूध दहा लिटरवर गेलं की एक अक्षर वाढून मेसेज तुटतो. केंद्रचालकांना म्हटलं, दूध वाढलंय, तेवढे पैसे सोसा. हसले आणि हो म्हणाले. चंद्रभागाबाई असं नाव आलं तरी तुटतो. बारा अक्षरं आहेत. नुसतं चंद्रभागा लिहिलं तर बसतं. पण आमच्याकडे म्हाताऱ्या बाईला असं कोण हाक मारतं? ते दोन भागांतच जाऊ दिलं.

वेबअ‍ॅप अजून सर्व्हरवर आहे. डार्क मोडसकट. परवा चुलतीनं गोठ्यातून हाक मारली, ‘फॅट पॉइंट दोननं कमी आलंय, पेंड बदललीस का रे?’ बदलली होती.