निरपराध आरोपी आणि फुकटचा वकील

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



मुलांच्या शाळेची फी, आजाऱ्याचे औषधपाणी, निराधार म्हातारीचे अन्नवस्त्र ही कामे आपली संस्था पन्नास वर्षे करीत आली आहे. त्यांविषयी आमच्या आधीच्या वक्त्यांनी पुष्कळ सांगितले. आम्हांस बोलावयाचे आहे ते काम महोत्सवाच्या मांडवात शोभणारे नाही. गरीब आरोपीच्या बाजूने कोर्टात उभे राहणे हा आमचा व्यवसाय आहे. त्यातही गुन्हा केला नसता शिक्षा झालेल्या माणसाचा प्रश्न आज आपल्यापुढे ठेवावा, असे आम्ही योजिले आहे.

पेडण्यास काय किंवा डिचोलीस काय, गावातला एखादा मुलगा पकडला गेला की पहिले वाक्य ऐकू येते, "पोलीस उगीच कशाला धरतील?" हे वाक्य बोलणारा मनुष्य दुष्ट नसतो. परंतु त्या एका वाक्याने शेजारी बाजूला होतात, मालक दुसरा माणूस ठेवतो आणि ज्याला खरी हकीकत ठाऊक आहे तोही गप्प बसतो. निरपराध माणसाचा खटला वरच्या कोर्टात हरण्यापूर्वी असा गावातच निम्मा हरलेला असतो.

कायद्याने काय दिले आहे ते प्रथम पाहू. १९७६ साली घटनेत ३९-अ हे कलम आले आणि गरिबास मोफत कायदेसाहाय्य देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९७८ साली महाराष्ट्रातील एका कैद्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शिक्षा झालेल्यास निकालाची प्रत वेळेवर मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकीलही मिळाला पाहिजे. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला व तो १९९५ पासून अमलात आला. त्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जातिजमातींचे लोक आणि कोठडीत असलेला कोणताही मनुष्य यांस उत्पन्न न विचारता वकील मिळतो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या तुरुंगातून एका गरीब कैद्याने स्वहस्ते अर्ज लिहिला. त्यावरून १९६३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हाच हक्क मान्य केला. तो कैदी वकिलासह पुन्हा खटल्यास उभा राहिला आणि निर्दोष सुटला.  पुरावा तपासून पाहणारा मनुष्य या वेळी हजर होता.

आपल्याकडे पूर्वी यादीवरील वकिलांना एकेक खटला सोपविला जाई. २०२२ च्या योजनेने खासगी वकिली न करता केवळ हेच काम करणारे पूर्णवेळ बचाव वकील नेमण्यास सुरुवात झाली. परंतु एक घोटाळा शब्दाचा आहे. आपल्या भाषेत 'सरकारी वकील' म्हणजे आरोपीविरुद्ध उभा राहणारा. तेव्हा सरकारने तुम्हांस वकील दिला आहे असे सांगताच कोठडीतला माणूस आमच्याकडे संशयाने पाहतो. हा पोलिसांचाच असणार, असे त्यास वाटते. घरची माणसे दागिना गहाण टाकून दुसरा वकील शोधू लागतात. फुकटचा तो हलका, ही समजूत औषधाच्या बाबतीत पुष्कळशी गेली. वकिलाच्या बाबतीत अजून जावयाची आहे.

निरपराध्यास शिक्षा होते तरी कशी? नाशिकजवळ २००३ साली एका कुटुंबातील पाच जणांची हत्या झाली. जालना जिल्ह्यातील भटक्या जमातीचे सहा गरीब मजूर पकडले गेले. २००६ साली सहाही जणांस फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली, तर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांस पुन्हा फाशीच ठरविली. त्यानंतर १० वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, त्याच न्यायालयाने पुनर्विचार करून सर्वांस निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने घटनेनंतर लगेच पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळ्याच चार माणसांना ओळखले होते, आणि त्या दिशेने तपासच झाला नव्हता. प्रत्येकास ५ लाख रुपये भरपाई द्यावी आणि जबाबदार अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी, असा आदेश झाला. सोळा वर्षे गेली ती गेलीच. शिवाय ज्या घरात पाच माणसे मारली गेली त्या घरासही न्याय मिळाला नाही. निरपराध मनुष्य आत गेला की खरा अपराधी बाहेर राहतो, ही गोष्ट आरोपीविषयी कणव नसणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावी.

पुण्यातील १९९४ च्या एका खून खटल्यातील फाशीच्या कैद्याचे वय घटनेच्या वेळी अवघे १२ वर्षांचे होते, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मान्य केले व २८ वर्षांच्या कैदेनंतर तो सुटला. ते वय सिद्ध झाले राजस्थानातील एका शाळेच्या नोंदवहीवरून. नोंदवही इतकी वर्षे शाळेतच होती. ती कोर्टापर्यंत नेणारे कोणी नव्हते.

ही उदाहरणे दूरची वाटतील, म्हणून आपल्या भागाकडे वळू. येथे कोर्टाचे कागद इंग्रजीत असतात आणि आरोपी कोकणी किंवा मराठी बोलतो. कामासाठी आलेला मजूर कानडी वा हिंदी बोलतो. आपण कशावर सही केली हे त्यास पुष्कळदा दुसऱ्या दिवशी कळते. हरमल, मांद्रे, मोरजीच्या किनाऱ्यावर अमली पदार्थांचे खटले होतात. व्यापारी प्रमाणातील साठ्यास कमीत कमी १० वर्षांची शिक्षा आहे. म्हणून त्या कायद्याने आरोपीस काही रक्षणही दिले आहे: अंगझडतीपूर्वी, दंडाधिकारी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर झडती घ्या असे म्हणण्याचा तुला हक्क आहे, हे त्यास सांगितले पाहिजे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या वेटरला हे ठाऊक नसते. एका खोलीत चौघे राहतात. सापडलेली पिशवी कोणाची, हा सारा खटल्याचा गाभा असतो, आणि उरलेले तिघे तोवर गाव सोडून गेलेले असतात.

डिचोलीकडील खाणी जोरात चालू होत्या त्या काळातील एक प्रकरण सांगतो. एका ट्रकचालकास मारहाणीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली होती. आमच्याकडे तो अपिलात आला. घटनेच्या वेळी आपण खनिज भरून जेटीवर गेलो होतो, असे तो पहिल्यापासून म्हणत होता. कागद मात्र एकही नव्हता. आम्ही ट्रकमालकाकडे खेपा घातल्या तेव्हा जुन्या पुडक्यात वजनकाट्याची पावती आणि त्याच्या सहीचा खेपांचा हिशेब सापडला. दोन्हींवर वेळ होती. कोर्टाने तो पुरावा अपिलात घेतला आणि तो सुटला. मालक म्हणाला, "मला कोणी विचारलेच नाही हो!" तोपर्यंत त्या चालकाचे अकरा महिने तुरुंगात गेले होते आणि धाकट्या मुलीचे नाव शाळेतून काढले गेले होते.

बंधुभगिनींनो, आमची मागणी या अनुभवातून आलेली आहे. पैशाची मदत आपण करताच. येथे तिच्याहून वेगळ्या गोष्टी हव्या आहेत. कोणी पकडला गेल्याचे कळताच एकाने तालुक्याच्या कोर्टातील विधी सेवा समितीकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर कळवावे. अटकेनंतर २४ तासांत माणसास दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे लागते. त्या पहिल्या हजेरीपासूनच वकील दिला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले आहे. हजेरीपट, पावती, तिकीट, दवाखान्याचा केसपेपर, दुकानाच्या कॅमेऱ्यातील चित्र, जे असेल ते त्याच आठवड्यात जमा करावे. कॅमेऱ्यातील चित्रे तर थोड्याच दिवसांत पुसली जातात. ज्याने काही पाहिले आहे त्याने साक्षीस उभे राहावे. आणि शिक्षा झालीच, तर सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील करण्याची मुदत ६० दिवसांची आहे, हे घरच्यांस सांगावे. पेडण्याहून म्हापशास जाताना कोलवाळचा पूल आपण सर्वच ओलांडतो. मध्यवर्ती तुरुंग त्याच गावात आहे. तेथील माणसाची विचारपूस करणे आपल्यास लांब नाही.

आरोपी निर्दोषच असतो, असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ अपराधी असतात आणि त्यांस शिक्षा होणे योग्यच. परंतु अपराधी कोण हे पुराव्याने ठरावे, गरिबीने नव्हे. चुकीने शिक्षा भोगलेल्यास भरपाई मिळावी असा कायदा करण्याची शिफारस विधी आयोगाने २०१८ साली केली. तसा स्वतंत्र कायदा अद्याप झालेला नाही. सुटून आलेला मनुष्य म्हणूनच रित्या हातांनी घरी येतो. त्यास काम देणे, त्याच्या मुलांस शाळेत पुन्हा बसविणे आणि देवळाच्या सभामंडपात त्याच्या शेजारी बसणे, हे कोणतेही न्यायालय करू शकणार नाही. ते आपल्यासारख्या संस्थेनेच करावयाचे आहे.