बारीक चोचीचा कोरल : एका पक्ष्याच्या अखेरच्या नोंदी



कोकणच्या खाड्यांत, हिवाळ्यातील ओहोटीच्या वेळी, चिखलात लांब वाकडी चोच खुपसणारा कोरल आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. आज ज्याच्याविषयी बोलावयाचे आहे तो त्याचा भाऊबंद, बारीक चोचीचा कोरल, मात्र आपल्या वाटेवरचा नव्हे. सायबेरियाकडून निघालेला हा पक्षी पश्चिमेची वाट धरी आणि हंगेरी, ग्रीस, इटली ओलांडून मोरोक्कोच्या किनाऱ्यावर हिवाळा काढी. अंगाने लहान, रंगाने उजळ आणि कुशीवर पत्त्यांतील बदामासारखे काळे ठिपके, अशी त्याची ओळख होती. ‘होती’ असे म्हणावयाचे, कारण २०२५ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने तो नामशेष झाल्याचे जाहीर केले.

वाट चुकलेले पक्षी ही पक्षिनिरीक्षकांच्या आनंदाची बाब असते. १९२५ च्या सुमारास या जातीचा एक पक्षी थेट कॅनडातील ओंटारियो प्रांतात मिळाला होता. पण मे १९९८ मध्ये इंग्लंडच्या नॉर्थंबरलंड किनाऱ्यावर, ड्रुरिज बे येथे, जो कोरल दिसला त्याच्यामुळे निराळीच आशा निर्माण झाली. तो अल्पवयीन होता. अल्पवयीन पक्षी दिसतो त्या अर्थी कोठे तरी घरटी अजून नांदत असली पाहिजेत! प्रथम ही नोंद स्वीकारली गेली. पुढे फेरतपासणीत पुरावा अपुरा ठरून ती वगळण्यात आली. कित्येकांना ही कठोरता वाटली. कागदोपत्री पुराव्याशी रोजचा संबंध असलेल्या मला मात्र ती योग्यच वाटते. खोट्या आशेवर शोधपथके कोठे पाठवावयाची?

शोध तरी कोठे घ्यावयाचा, हाच खरा प्रश्न होता. या पक्ष्याची घरटी उशाकोव्ह या एकाच निरीक्षकाने, ओम्स्कच्या उत्तरेस तारा गावाजवळील दलदलीत, १९१४ ते १९२४ या काळात पाहिली. साहजिकच पुढील शोध तेथेच एकवटला आणि निष्फळ ठरला. अलीकडे संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांच्या पिसांचे रासायनिक पृथक्करण झाले, तेव्हा त्याचे मुख्य माहेर बरेच दक्षिणेस, कझाकस्तानच्या उत्तर भागातील गवताळ प्रदेशात असावे, असे दिसून आले. तो प्रदेश १९५४ नंतरच्या पडीक जमीन लागवडीच्या मोहिमेत फार मोठ्या प्रमाणावर नांगराखाली गेला होता. स्थलांतराच्या वाटेवर शिकार होत होती, पाणथळी आटविल्या जात होत्या, ते निराळेच.

या पक्ष्याच्या रक्षणासाठी संबंधित राष्ट्रांमधील सामंजस्य करार १९९४ साली अस्तित्वात आला. त्यानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९९५ मध्ये, मोरोक्कोतील मर्जा झेर्गा या खाजणात एक एकटा कोरल चरताना दिसला व त्याचे छायाचित्र घेण्यात आले. निर्विवाद म्हणता येईल अशी ती अखेरची नोंद होय.