फाट्यावरच्या सायकली

गेल्या बैठकीत आमच्या गटात वाद झाला. एसटी फाट्यावर थांबते, तिथून गाव तीन किलोमीटर. गटाच्या पैशांतून पाच-सहा सायकली घ्याव्यात, जिला लागेल तिने न्यावी, फाट्यावर लावावी, दुसरीने परत आणावी, असं काहीजणींचं म्हणणं. शहरात असं चालतं म्हणे. पण कसं चालतं, ते कोणालाच सांगता येईना. मग आम्ही माहिती काढली.

पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठात आणि औंध भागात अशा सायकली आल्या. मोबाइलवरून कुलूप उघडायचं, पोचलं की लावून मोकळं व्हायचं. लोकांनी हौसेने चालवल्या. मग मोडतोड आणि चोऱ्या सुरू झाल्या. दोन-तीन वर्षांत बहुतेक सायकली रस्त्यावरून गेल्या. आणि हे एके काळी सायकलींचं शहर म्हणवणारं पुणं बरं! आपण तरी कुठे वेगळ्या? गटाची भांडी आठवा. लग्नाला नेलेला टोप पोचा पडून येतो, पण पाडलेला कोणीच नसतो.

पॅरिसची गोष्ट आम्हाला सगळ्यात जवळची वाटली. तिथे २००७ साली हजारो सायकली ठेवल्या. चोऱ्या तिथेही झाल्या, पण आणखी एक अडचण निघाली चढाची. टेकडीवरच्या वस्तीतली माणसं उतारावरून सायकलने खाली जायची आणि परत जाताना दुसरं वाहन धरायची. खाली सायकली लावायला जागा नाही, वर एकही सायकल नाही. मग त्या गाडीत घालून वर न्याव्या लागायच्या. शेवटी, जो चढावरच्या थांब्यावर सायकल आणून लावील त्याला १५ मिनिटं जादा फुकट, असं ठरवलं. हे ऐकून आमच्या गटातल्या आजी म्हणाल्या, "अगं, आपला फाटाही खालीच आहे की!" खरंच. सकाळी पोरी भुर्रकन जातील. संध्याकाळी दप्तर पाठीला लावून सायकल वर कोण ढकलणार?

अनामतीचंही ऐका. चीनमध्ये ओफो नावाच्या कंपनीने सायकल देण्याआधी लोकांकडून अनामत घेतली होती. २०१८ च्या शेवटी एक कोटीहून जास्त लोक ती परत मागायला लागले आणि कंपनीजवळ द्यायला पैसे नव्हते. आमच्या खजिनदार बाईंनी लगेच सांगितलं, अनामत घ्यायची तर ती वेगळी ठेवायची, तिला हात लावायचा नाही.

सध्या आम्ही दोनच जुन्या सायकली दुरुस्त करून घेतोय. फाट्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या ताईंकडे किल्ल्या आणि वही राहील. कोणी नेली, कधी आणली, ब्रेक कसा होता, सगळं वहीत लिहायचं. पंक्चरचा खर्च गटाचा, मोडतोडीचा नेणारीचा. यावरही अजून दोघी रुसल्या आहेत.

चढाचं मात्र काही सुचलेलं नाही. तुमच्या गावात कोणी तोड काढली असेल, तर रेडिओ केंद्रावर निरोप ठेवा.